एक थाप म्हणजे थांब

१

आमची जीप सकाळी चालू व्हायला पंधरा मिनिटं आणि पाच-सहा शिव्या लागायच्या. मिनिटं ती घ्यायची, शिव्या मी द्यायचो. दहा वर्षं कुठल्याशा सरकारी खात्यात साहेबलोकांना रानावनातून हिंडवून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मग ती लिलावात निघाली आणि माझ्या गळ्यात पडली. घेताना मी इंजिन ऐकलं, चेसीस वाकून बघितली, टायरला लाथा मारून बघितल्या. माझी बायको चंद्रकांता म्हणते, तिच्या बापानं माझी एवढी चौकशी केली असती तर ती आज सुखात असती.

डिझेल इंजिन ते, आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तरी भांडल्यासारखं बोलावं लागायचं. आमच्या सातपाटीत सगळे तसेच बोलतात, त्यामुळे कोणाची अडचण होत नव्हती.

काम रोजचं ठरलेलं. साडेसहाला, चांगलं फटफटल्यावर, आठ कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन यायच्या. पाट्या बाकड्यांखाली आणि पायांशी, बाया दोन बाकड्यांवर चार-चार. हंसाबाय सगळ्यात शेवटी चढायची, कारण ती चढली की आणखी कोणी चढायला जागाच उरत नसे. चढली की मोजायची आणि ओरडायची, "आठ!" मग मी गिअर टाकायचो. शिरगाव, पालघर, उमरोळी, बोईसर. बाजारात बाया उतरल्या की मी चहा घ्यायचो, वर्तमानपत्र वाचायचो, आणि दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन परत.

नियम एकच होता. मागून मला काही सांगायचं तर पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. हाका मारून उपयोग नव्हता. आठ बाया सातपाटीपासून हाकाच मारत असायच्या, त्यातली माझ्यासाठीची कोणती हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. थापा मात्र मी एकेकीच्या ओळखायचो. हंसाबायची थाप म्हणजे गौरीचा ढोल.

आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. नापास झालो ती गोष्ट वेगळी. तारापूरला एका ठेकेदाराकडे दोन वर्षं गाडीही चालवली. जिथं अणू फोडून वीज काढतात, तिथल्या शेजारच्या माणसानं भुताखेताच्या गोष्टी करणं शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत होतं.

२

आठांतली सगळ्यात म्हातारी नर्मदाआजी. तिची जागा मागच्या फळीजवळ, डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्या कोणी तिथं बूड टेकलं तर ती काही बोलायची नाही, नुसती उभी राहून बघायची. मग समोरची आपोआप सरकायची. आजीच्या अंगठ्यात पितळेचं जाड वळं होतं, त्यामुळे तिची थाप वेगळी वाजायची. टण्.

उमरोळीच्या पुढे एक वळण आहे, तिथं रस्त्याच्या कडेला तीन ताड उभे आहेत. रोज त्या वळणावर टण् व्हायचं आणि मला ब्रेक मारावा लागायचा. कारण तिथं पाड्यावरची नवसी उभी असायची. नवसी वारली जमातीची, आजीच्याच वयाची, हाडकुळी आणि तोंडानं तिखट. आजी तिला सुके बोंबील द्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळून, जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं बांधून. नवसी बदल्यात द्यायची ते मोसमाप्रमाणे: कधी वालाच्या शेंगा, कधी शेवग्याचा पाला, कधी बोरं. वजन नाही, माप नाही. तुझे बोंबील बारके, तुझ्या शेंगा किडक्या, असं दोघी पाच मिनिटं भांडायच्या आणि मग आजी दोन थापा मारायची.

मी रोज चिडायचो. मासळी आहे, आजी, मासळी थांबत नाही, असं रोज ऐकवायचो. बोईसरला पोचलं की आजी नवसीनं दिलेल्या जुडीचे दोन भाग करायची, अर्धा भाग तसल्याच निळ्या दोऱ्यानं बांधून माझ्या सीटवर ठेवायची आणि म्हणायची, "खा. वाळलास." मी तेव्हा पंच्याऐंशी किलोचा होतो.

ती जानेवारीत गेली. त्या दिवशी बोटी उशिरा लागल्या, निघायलाच सव्वासात झाले आणि मी गाडी जरा दामटली. बोईसरला सगळ्या उतरल्या, आजी उतरली नाही. कोपऱ्यात बसली होती, डोकं ताडपत्रीच्या दांड्याला टेकलेलं, मांडीवर बोंबलाचं पुडकं. हात लावला तर गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कोणाच्या हातात काही नव्हतं. बाया रडल्या आणि मग म्हणाल्या, पुण्यवान हो, ना अंथरूण ना औषध, बसल्या जागी गेली.

मीही तेच म्हणालो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणालो.

३

आजीचं दिवसकार्य झालं आणि आम्ही पुन्हा बाजाराला निघालो. हंसाबाय चढली आणि सवयीनं ओरडली, "आठ!" मग थोडी थांबून हळूच म्हणाली, "सात."

उमरोळी गेली, वळण आलं, आणि इंजिनातून आवाज आला. टण्.

इंजिनातून आला असं मला वाटलं. खरं म्हणजे मी तसं ठरवलं. पाय ब्रेकवर गेला होता, तो मी उचलून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशीही. मी हिशेबी डोक्याचा माणूस, कारण शोधत बसलो. त्या वळणाला थोडा चढ आहे. चढाला इंजिनावर जोर पडतो. तोवर गाडी तापलेली असते, तेल पातळ होतं, आणि बेअरिंग खाल्लेलं असेल तर अशा वेळी ते ठोका देणारच. सगळं कसं चपखल बसत होतं. फक्त एकच गोष्ट बसत नव्हती. वळणानंतरचा सरावलीजवळचा चढ याच्या दुप्पट आहे आणि तिथं जीप मांजरासारखी गुरगुरत जायची.

वळणावर नवसी उभी असायची. रोज. पदरात शेंगा घेऊन. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिच्यासमोरून धुरळा उडवत जायचो आणि ती जीपच्या मागच्या कोपऱ्याकडे मान वळवून बघत राहायची. मी मात्र रस्त्याकडे बघायचो. ड्रायव्हरनं रस्त्याकडेच बघावं, असा नियमच आहे.

एकदा हंसाबाय म्हणाली की कोणीतरी त्या बाईला सांगायला पाहिजे. मी म्हणालो, सांगू परतीला. परतीला आम्ही दोन वाजता जातो, तेव्हा नवसी तिथं नसते, हे मला ठाऊक होतं.

४

सातपाटीत इंजिनाचा डॉक्टर एकच, महादू. तो बोटींची इंजिनं बांधतो. जमिनीवर चालणाऱ्या गाडीबद्दल त्याला मनातून तुच्छता आहे. "हिच्यात काय बिघडणार? बुडत तर नाय ना?" असं त्याचं म्हणणं.

त्याला मी पुढं बसवून वळणावरून नेलं. त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. त्याचं टोक खालच्या लोखंडाला आणि मूठ कानाला लावून तो पालघरपासून डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपला. वळण आलं. टण्.

महादूनं डोळे उघडले. स्क्रू-ड्रायव्हर कानापासून काढून खाली ठेवला. बाया उतरून गेल्यावर म्हणाला, "एकनाथा, इंजिनात कायसुदीक नाय. आवाज मागं हाय."

"मागं काय आहे? मागं इंजिन आहे का?"

"मागं बाया हायत," तो म्हणाला आणि बिडी पेटवायला लागला.

मला त्याचा फार राग आला. मी तडक बोईसरच्या नाक्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॉनेटही उघडलं नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, जीपभोवती एक चक्कर मारली आणि हिंदीत सांगितलं की इंजिन खलास, उतरवावं लागेल, बेअरिंगं, रिंगा, नोजल सगळं बदलायचं, गाडी पंधरा दिवस इथं सोडून जा.

खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. पंधरा दिवस! इंजिन खलास! चहा पिताना मी स्वतःशीच हसत होतो.

५

पण पंधरा दिवस गाडी बंद म्हणजे सात बायांचा बाजार बंद. केळव्याचा चिंतू नवा टेम्पो घेऊन टपलेलाच होता. त्याच्या टेम्पोत वर बसायला गादी होती. एकदा बाया त्या गादीवर बसल्या की माझ्या बाकड्यावर परत येतील कशाला? म्हणजे इंजिन खोललं तर धंदा जातो, नाही खोललं तर रोज ते वळण. मी आठ दिवस हाच विचार चघळत होतो. जेवताना घास हातात तसाच राहायचा.

शेवटी मी बायांनाच विचारायचं ठरवलं. बाजारात दुपारी पाट्या रिकाम्या झाल्यावर जीपच्या मागच्या बाजूला गेलो आणि तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. बाया बसल्या होत्या त्या उजव्या बाकड्यावर चार आणि डाव्या बाकड्यावर तीन, पण डावीकडच्या तिघी एकमेकींच्या मांड्यांवर चढल्यासारख्या बसल्या होत्या. हंसाबाय त्या तिघींतली एक, म्हणजे बाकीच्या दोघींची अवस्था विचारू नका. कोपरा रिकामा.

"सरकून बसा की," मी म्हणालो. "एवढी जागा आहे."

कोणी सरकलं नाही.

"ती जागा वली असते," हंसाबाय म्हणाली.

मी म्हणालो, मासळीच्या गाडीत ओलं नसेल तर काय कोरडं असेल, पाट्यांचं पाणी ओघळत असणार. हंसाबायनं मान डोलावली. मग म्हणाली की पाणी पाट्यांचं असतं तर खाली सांडलं असतं. हे बाकड्यावर असतं, एकाच माणसाच्या बसण्याएवढं. आणि सकाळी निघताना ते नसतं, उमरोळीच्या अलीकडे येतं.

मी हात लावून बघितला नाही. दुपारची वेळ, लख्ख ऊन, आजूबाजूला अख्खा बाजार, आणि मी हात लावून बघितला नाही. ताडपत्री फाटली आहे, दंव गळत असेल, असं काहीतरी बडबडत पुढं जाऊन बसलो. इंजिनाचं विचारायचं राहूनच गेलं.

६

तोडगा होळीनं काढला. होळीला आमच्याकडे सगळ्या बोटी किनाऱ्याला लागतात, चार-पाच दिवस मासळी नाही, बाजार नाही. महादूचे पाय धरले. तो म्हणाला इंजिन चांगलं आहे. मी म्हणालो, असू दे चांगलं, तू खोल. तो म्हणाला की चांगल्या माणसाचं पोट कोणी फाडतं का? शेवटी माझ्या तोंडाकडे बघून तयार झाला.

आमच्या अंगणात उंडीच्या झाडाखाली जीप उभी केली. बोटीचे तीन वासे तिवईसारखे उभारले, त्यांना बोटीचीच कप्पी बांधली आणि दोघांनी ओढून इंजिन वर काढलं. बाजूला गोणपाटावर ठेवलं. गल्लीतले लोक रंगलेल्या तोंडांनी येऊन बघून जात होते, जणू आमच्या घरी कोणाची पाचवी आहे.

महादूनं तिसऱ्या दिवसापर्यंत नट न् नट सुटा केला. बेअरिंगं काढून माझ्या हातावर ठेवली. गुळगुळीत. ओरखडा म्हणून नाही. कनेक्टिंग रॉड सरळ, रिंगा ठीक. "बघ," तो म्हणाला. "तुजापेक्षा तब्येत बरी हाय हिची." मी म्हणालो, तरी बदल. त्यानं बदललं.

दुपारचे बारा-साडेबारा असतील. महादू गोणपाटावर इंजिनासमोर उकिडवा बसला होता. मी त्याला पाना देत होतो. चंद्रकांता ओट्यावर तांदूळ निवडत होती. जीप आमच्यापासून दहा पावलांवर उभी होती. बॉनेट उघडं, आत इंजिनाच्या जागी नुसतं भोक, त्यातून खालची माती दिसत होती.

टण्.

महादूचा हात थांबला. चंद्रकांताचं सूप थांबलं. झाडावर दोन कावळे होते, ते उडून गेले.

महादू हळू आवाजात म्हणाला, "एकनाथा, इंजिन इथं खाली हाय. मग वाजलं काय?"

"पत्रा," मी म्हणालो. "ऊन लागलं की पत्रा वाजतो."

"जीप सावलीला हाय."

महादूनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि जेवून येतो म्हणून गेला. माणूस जेवायला गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, आणि येताना भगताकडून आणलेला लिंबू खिशात घालून आला. पुढं इंजिन बसवून होईपर्यंत त्यानं जीपकडे पाठ म्हणून केली नाही.

७

महादू गेल्यावर चंद्रकांता ओट्यावरून उतरली आणि माझ्यासमोर येऊन बसली. ती मोठ्यानं बोलली तर मला भीती वाटत नाही. ती हळू बोलली.

"खरं सांगा. त्या दिवशी आजीनं थाप मारलेली काय?"

"नाही."

"मग नवसीला जायचं निळ्या दोऱ्याचं पुडकं आपल्या घरात कसं आलं? मी तळले ते बोंबील, तुमी खाल्ले. चार भाकऱ्यांबरोबर."

मी मग सांगून टाकलं.

थाप मारली होती. मी ऐकली होती. वळण यायच्या जरा आधीच, टण्. आठ वाजत आले होते, बाजार भरून चालला होता, आणि मी मनात म्हटलं, आज नाही म्हातारे, एक दिवस बोंबील नाही मिळाले तर ती नवसी काही मरत नाही. आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला. नवसी हात वर करून उभी होती, ती मागं गेली. मग बऱ्याच वेळानं, पार सरावलीजवळ, आणखी एक थाप आली. हलकी, पत्र्यावरून हात घसरल्यासारखी. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, दोन झाल्या. दोन म्हणजे चल.

बाजारात तिला उतरवल्यावर पुडकं मांडीवरून घरंगळून बाकड्याखाली पडलेलं सापडलं. ते मी घरी आणलं. चांगले बोंबील फुकट कशाला घालवायचे, असं म्हणून. ज्या माणसाला लाज वाटत असते त्याला भूक फार लागते, हे मला तेव्हा कळलं.

चंद्रकांतानं विचारलं, थांबला असता तर वाचली असती का? मी म्हणालो, डॉक्टर नाही म्हणाले. वाचली नसती. पण नवसीला भेटली असती. एवढं बोललो आणि मला रडू कोसळलं. पंच्याऐंशी किलोचा माणूस, हाताला ग्रीस, अंगणात बसून रडतो आहे आणि पलीकडच्या गल्लीत होळीचा बाजा वाजतो आहे. चंद्रकांतानं रडू दिलं.

मग म्हणाली, "अख्खं इंजिन खोलून ठेवलंत. त्या बाईसमोर पाच मिनटं उभं राहून सांगवत नाय तुमाला?"

८

होळीनंतर पहिल्या दिवशी जीप एका फटक्यात चालू झाली. एकही शिवी लागली नाही, उलट चुकल्यासारखं वाटलं. बाया आल्या, चढल्या. डावीकडच्या तिघी आपापसात चेंगरून बसल्या. "आठ… सात," हंसाबाय म्हणाली आणि मी गिअर टाकला.

शिरगावपासून मी वाक्य पाठ करत होतो. नवसीबाय, आजी गेली. नवसीबाय, आजी गेली. शब्द एवढेच, पण दर वेळी जीभ अडखळायची. पालघरच्या पुढं बायांचा आवाज कमी झाला. उमरोळीला पूर्ण बंद झाला. सात कोळणी एकत्र बसल्या आहेत आणि एकही बोलत नाही, हे मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. इंजिन इतकं छान चाललं होतं की काही कारण सांगायची सोयच उरली नव्हती.

तीन ताड दिसले. नवसी उभी होती.

टण्.

मी ब्रेक मारला.

जीप थांबली. मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा कुरकुरला, वजन सरकलं की कुरकुरतो तसा. नवसी रस्त्याच्या कडेनं येत होती, पदरात शेंगा. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "नवसीबाय…"

ती माझ्याकडे न बघता सरळ मागं गेली.

डाव्या बाजूचा आरसा फुटका आहे, पण त्यात मागची फळी दिसते. नवसी त्या कोपऱ्यासमोर उभी राहिली आणि भांडायला लागली. दोन महिने आली नाहीस, तोंड दाखवलं नाहीस, माझ्या शेंगा वाळून गेल्या, असं काय काय ती बोलत होती. मग मान तिरकी करून ऐकत राहिली. एकदा हसली. पुन्हा ऐकलं. मग तिनं पदरातली जुडी आत धरली आणि हात बाहेर आला तेव्हा त्यात जुडी नव्हती. वर्तमानपत्राचं पुडकं होतं. निळा दोरा मला इतक्या लांबूनही दिसला.

आणि पत्र्याच्या कडेवर, नवसीच्या हातापासून वीतभर अंतरावर, एक अंगठा टेकलेला होता. पितळेचं वळं असलेला. ओला.

मी रस्त्याकडे बघितलं. ड्रायव्हरनं रस्त्याकडेच बघावं.

पावलं पुढं आली. नवसी माझ्या खिडकीपाशी उभी राहिली. पुडक्यातल्या बोंबलाचा वास आला, चांगला, नुकता सुकवलेला.

"आजी सांगते," ती म्हणाली, "मागले बोंबील तू खाल्लेस. खरा काय?"

ही गोष्ट मी आणि चंद्रकांता सोडून जगात कोणाला ठाऊक नव्हती. मी होय म्हणून मान हलवली.

नवसीनं मला खालून वर न्याहाळलं. "मी बोलले, लय चावट हाय हा डायवर. तर आजी बोलली, खावं दे त्याला. वाळलाय."

मग मागून थापा आल्या. टण्, टण्. लागोपाठ, एकामागून एक, शंकेला जागा नाही अशा.

मी गिअर टाकला.

बोईसरला बाया उतरल्यावर मी हंसाबायला गाठलं. ती त्या कोपऱ्याला सगळ्यात जवळ होती. तिनं सांगितलं की उमरोळीपासून तिचे डोळे मिटलेले होते. मग बाकीच्या सहा जणींना विचारलं. सातही जणींचे डोळे मिटलेले होते. मी चहा प्यायला गेलो, दोन कप प्यालो, वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं. परत आलो तर माझ्या सीटवर वालाच्या शेंगा होत्या. अर्धी जुडी, निळ्या दोऱ्यानं बांधलेली. दोरा भिजलेला होता.

शेंगा मी घरी नेल्या आणि चंद्रकांताच्या हातात दिल्या. तिनं गाठ बघितली, तिला ती गाठ ओळखीची होती. पाणी तापत ठेवलं, शेंगा सोलल्या, वाल शिजवले आणि पान वाढलं. मी जेवलो. भूक नव्हती तरी जेवलो, एकेक दाणा. आजीनं दिलेलं टाकायची हिंमत माझ्यात नाही आणि खरं म्हणजे टाकावंसं वाटलंही नाही.

नवसीला मी अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगणार? चिंतूचा टेम्पो आता केळव्याची माणसं नेतो. महादू विचारतो, इंजिन कसं आहे, आणि मी म्हणतो, झकास.

शेंगा खाल्ल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाया चढल्या. डावीकडच्या तिघी नीट बसल्या, कोपऱ्यापासून हातभर अंतर ठेवून, पण आरामात. हंसाबाय सगळ्यात शेवटी चढली. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, बोटांवर मोजलं.

"आठ," ती म्हणाली.

मी थोडा वेळ थांबलो. तिनं पुढं काही म्हटलं नाही. मग मी गाडी काढली.